आधी डोंगर, मग पॉम्पेई

आमच्या घराच्या खालच्या पायरीत, दारापासून डावीकडे अठरा सेंटिमीटरवर एक पोलादी बोंड बसवलेलं आहे. आकाराने मोठ्या हरभऱ्याएवढं, वरून गुळगुळीत. येणारे-जाणारे त्याला खिळा समजतात. अकरा वर्षांपूर्वी मीच ते सिमेंटमध्ये बसवलं. आमच्या संस्थेच्या वहीत त्याचा क्रमांक सदतीस आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या भोवती अशी बरीच बोंडं आहेत, आणि वर्षातून दोनदा आम्ही दुर्बीण आणि उभी पट्टी घेऊन त्यांची उंची मोजत फिरतो. खालून जमीन फुगू लागली तर बोंड वर येईल. सदतीस क्रमांक अकरा वर्षांत सहा मिलिमीटर खाली गेला आहे. घर चव्वेचाळीस सालच्या लाव्ह्यावर बांधलेलं आहे आणि तो लाव्हा अजून स्वतःच्या वजनाने बसतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मम्मा रोज सकाळी पायरी पुसते तेव्हा बोंडही पुसते. दर गुरुवारी मी वरून, विवराच्या काठावरून येते. कपड्यांना गंधकाचा वास असतो. ती दार उघडते आणि विचारते, "काय म्हणतोय?"

डोंगराला आमच्याकडे कुणी नावाने हाक मारत नाही.

"झोपलाय," मी म्हणते.

गल्लीत चौदा घरं आहेत. बेकरीवाला विचारतो, औषधवाली विचारते, चर्चमधले पाद्री विचारतात. समोरच्या बाल्कनीत बसणारे फेर्दिनांदोकाका पूर्वी बस चालवायचे. ते तर विचारतही नाहीत. ते मला एकदा म्हणाले होते, "ओर्नेला, तुझे कपडे दोरीवर वाळताना दिसले की मी निवांत. ज्या दिवशी दोरी रिकामी दिसेल त्या दिवशी मी गाडी काढणार." ते हसून म्हणाले होते, पण मी त्यांची गाडी पाहिली आहे. तोंड कायम रस्त्याकडे करून उभी असते.

कासेर्ता गावात तिसऱ्या मजल्यावर एक घर आहे. लिफ्ट आहे, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. डोंगरापासून ते इतकं लांब आहे की आमच्या नकाशावरचा धोक्याचा लाल पट्टा तिथून बराच अलीकडे संपतो, आणि वरचे वारे राख नेतात ते बहुतेक पूर्वेकडे, त्या बाजूला नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या मावशीचं घर. दोन वर्षांपूर्वी मी ते बघून आले. त्याचा आराखडा माझ्या कचेरीतल्या खणात आहे. भाडेकरू ऑगस्टमध्ये सोडतोय, असं सहकाऱ्याने परवा पुन्हा सांगितलं. मी "बघते" म्हणाले. दोन वर्षं मी हेच म्हणते आहे.

मम्माला यातलं काही माहीत नव्हतं. ती एकोणसत्तर वर्षांची आहे आणि या घरातून हलणार नाही, असं मी धरून चालले होते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझा धाकटा भाऊ साबातो आणि त्याची बायको इव्हाना उत्तरेतल्या मोदेनाहून आले. ईस्टरनंतरच्या सोमवारी आमच्याकडे कुणी घरात बसत नाही. सगळं गाव डबे भरून कुठेतरी झाडाखाली जाऊन जेवतं. इव्हानाच्या लग्नाला दहा वर्षं झाली, दरवर्षी ती येते, आणि दरवर्षी तो सोमवार सासरच्या कुणाच्या तरी जर्दाळूच्या बागेत जातो. या वर्षी ती म्हणाली की तिला पॉम्पेई बघायचं आहे. आणि डोंगरही. एकाच दिवशी.

"मोदेनात सगळे विचारतात, पॉम्पेई कसं आहे? मी सांगते, माहीत नाही, पण जर्दाळूची झाडं छान आहेत," ती म्हणाली.

"जर्दाळूची झाडं छानच आहेत," मम्मा म्हणाली. कोपरापर्यंत हात पिठात होते. सोमवारसाठी कासातिएल्लो चालला होता: चरबी, मिरी, चीज आणि सॉसेजचे तुकडे घालून मळलेला गोल पाव, वर सबंध अंडी कणकेच्या पट्ट्यांनी बांधलेली. "आणि तुम्ही दोघी-तिघं जा. मी कशाला? पॉम्पेईतले लोक मला ओळखत थोडेच आहेत."

"मम्मा, तू कधी गेली आहेस?" साबातोने विचारलं.

"कुठे?"

"पॉम्पेईला. किंवा वर."

मम्माने कणीक उलटी केली. "आगगाडीतून दिसतं ना."

इव्हाना माझ्याकडे बघू लागली. मी खांदे उडवले. आमच्या गल्लीत पॉम्पेई बघितलेलं माणूस शोधावं लागेल. इथून सोळा किलोमीटर.

"मग या वर्षी तूही यायचं," साबातो म्हणाला. "ओर्नेला बेत आखेल. तिला मिनिटाचा हिशोब जमतो."

बेत आखायच्या आधी त्याने मला गच्चीवर बोलावलं. तिथे छपराखाली टोमॅटोचे घोस टांगलेले असतात, मागच्या उन्हाळ्यातले, आता सुरकुतलेले आणि गोड. त्याने एक तोडून खाल्ला आणि आवाज खाली आणला.

"आधी पॉम्पेई ठेव. तिला ते लोक बघू देत, राखेत जसे पडले तसे. मग दुपारी वर ने आणि विवर दाखव. मग तू एक वाक्य बोल."

"कुठलं?"

"माझ्याकडून ऐकत नाही ती. सहा वर्षं सांगतोय, मोदेनाला चल, खोली तयार आहे. तुझं ऐकेल. तू डोंगर मोजतेस. तू फक्त म्हण, मम्मा, इथे राहू नकोस."

"मोजमापात तसं काही नाही, साबातो."

"मोजमापात नाही. तुझ्या पोटात काय आहे ते विचारतोय."

मी घोसांकडे बघत राहिले. पोटातलं मी कुठल्या वहीत लिहीत नाही, असं काहीतरी म्हणाले असते, पण ते खरं नव्हतं. आराखडा खणात होता.

"आणि मी गेले," मी म्हणाले, "तर गल्ली काय समजेल, माहीत आहे ना?"

"काय समजेल?"

"की मला काहीतरी कळलंय."

"समजू दे!"

"तेरा घरं घाबरून रस्त्यावर येतील, आणि कारण काही नसेल. दुसऱ्या वेळी कारण असेल तेव्हा कुणी हलणार नाही. असं झालेलं आहे इतर ठिकाणी."

त्याने आणखी एक टोमॅटो तोडला. मग म्हणाला, "म्हणजे तू तेरा घरांसाठी कपडे वाळत घालतेस. आणि मम्मा तुझ्यासाठी पाव भाजते. छान चाललंय."

खाली येऊन मी टेबलावर नकाशा पसरला. कणकेचं घमेलं घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं होतं. मम्मा हात धुऊन समोर बसली.

मी कागदाच्या डाव्या कडेला वेळा लिहिल्या. गाडीचा रस्ता हजार मीटर उंचीपर्यंत जातो. तिथून पायवाट विवराच्या काठापर्यंत, सुमारे नऊशे मीटर, मऊ खडी, सरळ चढ. मला पंचवीस मिनिटं लागतात. मम्मा मिनिटाला अठ्ठेचाळीस पावलं टाकते आणि तिचं पाऊल अर्ध्या मीटरचं आहे. मी ते चर्चला जाताना मोजलं आहे. चढ आणि थांबणं धरून पंचावन्न मिनिटं.

"तू माझी पावलं मोजलीस?" मम्मा म्हणाली.

"सवय आहे."

"बघा इव्हाना, माझी मुलगी. इतरांच्या मुली आईला हात देतात."

"मीही देईन हात, सिन्योरा."

"तुम्ही मला दहा वर्षांनी सिन्योरा म्हणणं सोडलंत तर मी स्वतःच चढेन."

साबातो म्हणाला, "आधी पॉम्पेई. सकाळी ऊन कमी असतं. तिथे सावली नाही."

"आधी डोंगर," मी म्हणाले. "एक वाजला की समुद्रावरून ढग येतो आणि काठ झाकून टाकतो. दुपारी गेलात तर वाफेत वाफ बघाल. शिवाय सकाळी पाय ताजे असतात."

"ढग रोज येतो का?"

"एप्रिलमध्ये दहापैकी सात दिवस."

"मग तीन दिवस येत नाही!"

"त्या तीन दिवसांत तू मोदेनात असतोस," मम्मा म्हणाली. तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावर वरच्या ओळीत एक उभा त्रिकोण काढला. "आधी डोंगर, मग पॉम्पेई. ताताचा क्रम तोच होता."

ताता म्हणजे तिचे वडील. युद्धाच्या आधी ते परदेशी पाहुण्यांना खेचरांवर बसवून वर न्यायचे आणि उतरल्यावर पॉम्पेईच्या दारात सोडायचे. आम्हाला हे माहीत होतं. चार खेचरं होती, एकीचं नाव बारोनेस्सा होतं, एवढंच. क्रमाबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं.

"तो क्रम का?" मी विचारलं.

"पॉम्पेई आधी दाखवलं की अर्धे लोक वर यायला नाही म्हणायचे. मग अर्धीच मजुरी." तिने पेन्सिल खाली ठेवली. "आणि पाहुणा म्हणून गेल्यावर आधी यजमानाला भेटावं. त्याने काय मोडलंय ते नंतर बघावं."

इव्हाना हसली. साबातोही हसला, पण त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा बेत निसटत होता.

"ताता डोंगर ओळखत होते म्हणजे," इव्हाना म्हणाली.

"गाव तसं समजायचं." मम्मा नकाशावरून हात फिरवत होती, सुरकुत्या काढल्यासारखा. "चव्वेचाळीसमध्ये मी सहा वर्षांची होते. लाव्हा धावत येत नाही, बाई. भिंतीसारखा येतो, चालत. काचा फुटल्यासारखा आवाज करत. तीन दिवस सगळे ताताच्या तोंडाकडे बघत होते. तो पायरीवर बसून विडी ओढत होता."

"त्यांना कळलं नव्हतं?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. आईला म्हणाला होता, हा थांबायचा नाही. पण मी दार काढलं तर गाव पळेल, म्हणाला. बायका-मुलं तुडवली जातील. उद्या बघू. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो सगळ्यांकडे. चर्चच्या कोपऱ्यावर लाव्हा आला तेव्हा उठला, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार खेचरावर बांधलं. माणसं सगळी वाचली. पण दार फक्त आमचं वाचलं. बाकीच्यांना वेळच उरला नाही. कुणाची पिंपं गेली, कुणाचं यंत्र गेलं. वर्षभर लोक त्याच्याशी धड बोलत नव्हते."

ते दार म्हणजे आमचं पुढचं दार. नव्या चौकटीत ते नीट बसलं नाही. खाली दोन सेंटिमीटर फट आहे, तिथे हिवाळ्यात मम्मा कापडाची वळकटी लावते. दार घरापेक्षा जुनं आहे हे मला माहीत होतं. पायरीवरची विडी माहीत नव्हती. माझं बोंड जिथे आहे त्याच जागी, फक्त बारा मीटर खाली, लाव्ह्याच्या तळाशी, ती जुनी पायरी असणार.

मी लिहीत राहिले. साडेसातला निघणं. साडेआठला पायवाट. साडेनऊला काठावर. अकराला खाली, पाईनच्या बनात जेवण. एक ते चार पॉम्पेई.

"साडेसात? सोमवारी?" मम्मा म्हणाली.

"आठनंतर सगळं नेपल्स त्या रस्त्यावर असतं. मम्मा, तुला घराबाहेर पडायला किती वेळ लागतो?"

"उठले की निघाले."

"नाताळात दीड तास लागला होता," साबातो म्हणाला. "गॅस बंद केला का म्हणून तीनदा परत गेलीस."

"एकदा चालू होता."

"सत्त्याऐंशी साली!"

"म्हणजे होता ना."

इव्हानाने विचारलं की डबे कशात न्यायचे. दोन कासातिएल्लो, मटणाचा डबा, भाज्या, वाइन, मम्माचं पाणी, कारण मम्मा दुसरीकडचं पाणी पीत नाही. मोठी पिशवी हवी. "कोठीत आहे," मम्मा म्हणाली. कोठीत नव्हती. गच्चीवर नव्हती. मी मम्माच्या खोलीत गेले आणि वाकून पलंगाखाली बघितलं. तिथे निळी प्रवासी बॅग होती. ओढली तर जड लागली.

"तिथे नको!" मम्मा स्वयंपाकघरातून ओरडली. पण मी चेन उघडली होती.

ऐंशी सालच्या भूकंपानंतर आमच्याकडे बऱ्याच घरांत अशी बॅग असायची. ते दिवस आम्ही मोटारीत झोपून काढले होते. मला वाटलं, तीच बॅग विसरून राहिली असेल. मग मी वस्तू एकेक करून पलंगावर ठेवल्या. घराचे कागद, मेणकापडात. पप्पांचा फोटो. मम्माच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन पाकिटं. मुदत पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे बॅग विसरलेली नव्हती. या वर्षात कुणीतरी ती उघडली होती.

त्याखाली माझे कपडे होते. मोजे, आतले कपडे, माझ्या आत्ताच्या मापाचे. मागच्या वर्षी नंबर बदलल्यावर मी बाजूला टाकलेला चष्मा. आणि राखाडी स्वेटर, तीन हिवाळ्यांपूर्वी हरवलेला, ज्यासाठी मी कचेरीतल्या एका निरपराध माणसावर संशय घेतला होता.

तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. लाकडी मूठ, टोकाला ताजं तेल.

मम्मा दारात उभी होती. हातांना पुन्हा पीठ लागलं होतं. मागे साबातो आणि इव्हाना.

"हा माझा स्वेटर," मी म्हणाले.

"थंडी असते बाहेर झोपलं की."

"मम्मा, ही बॅग कधीपासून आहे?"

"आधी माझी आणि तुझ्या पप्पाची होती. तो गेल्यावर तुझी केली." तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले. "दर ईस्टरला बदलते. गोळ्या, कपडे. तू जाड झालीस मधे, तेव्हा दोनदा बदलली."

"तू जायला तयार आहेस?"

"नऊ वर्षं."

"मग बोलली का नाहीस?" साबातोचा आवाज चढला. "मी सहा वर्षं विचारतोय!"

"तू मोदेनाला ये म्हणतोस. तिथल्या धुक्यात मी तुला सापडणारसुद्धा नाही. ते विचारणं नव्हे, रे." मग ती माझ्याकडे वळली. "मी हिच्या सांगण्याची वाट बघत होते. दर गुरुवारी विचारते की नाही? ही म्हणते, झोपलाय. मी म्हणते ठीक आहे, म्हणजे अजून नाही. हिला माहीत असतं."

"मला माहीत नसतं," मी म्हणाले. "मम्मा, मला फक्त आजचं माहीत असतं. विवरातली वाफ पंच्याण्णव अंश, बोंड तिथेच. उद्याचं कुणालाच माहीत नसतं. मी झोपलाय म्हणते म्हणजे राहा, असं नाही म्हणत."

"मग काय म्हणतेस?"

उपकरणाने शून्य दाखवलं तर ते शून्य लिहायचं, त्याचा अर्थ आपण लावायचा नाही, हे मी नव्या मुलांना शिकवते. अकरा वर्षं माझ्या शून्याचा अर्थ समोर बसून दुसरं कुणीतरी लावत होतं, आणि मी पाव खात होते. मी थांबले होते कारण ती हलणार नाही. ती थांबली होती कारण मी काही बोलत नव्हते. आणि गल्ली आमच्या दोरीकडे बघून थांबली होती.

इव्हानाला हे सगळं किती कळलं कोण जाणे. ती स्वच्छतेची माणूस आहे. तिने रिकामी निळी बॅग उचलली, आत नाक घालून बघितलं, म्हणाली, "डबे यात मावतील, पण आधी हवा लागू दे," आणि ती बाल्कनीत नेऊन, चेन उघडी, तोंड रस्त्याकडे करून कठड्यावर टाकली. माझा स्वेटरही झटकून शेजारी पसरला.

अर्धं मिनिट गेलं असेल.

"दोन्ना मेना!" समोरून हाक आली. मम्माला गल्लीत याच नावाने ओळखतात. "दोन्ना मेना! ती बॅग कसली?"

मम्मा बाल्कनीत गेली. मी दाराच्या आतच थांबले. फेर्दिनांदोकाका खुर्चीतून उठून उभे होते, आणि ते सहसा उठत नाहीत.

"सोमवारची," मम्मा म्हणाली. "सूनबाईला पॉम्पेई बघायचंय."

"पॉम्पेईला बॅग घेऊन? कपड्यांची?"

"डबे न्यायला."

"डब्यांना स्वेटर लागतो?"

खाली बेकरीवाल्याची बायको दारात आली आणि तिने वर बघितलं. तिच्या शेजारचा दरवाजा उघडला. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "मेनाने बॅग काढलीये." मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. पाच बाराला गल्लीत सात माणसं होती. एका कठड्यावर वाळत टाकलेल्या एका बॅगेने दोन मिनिटांत एवढं केलं.

"ओर्नेला कुठे आहे?" काकांनी विचारलं. "ओर्नेलाला बोलवा. मी गाडी काढू का?"

मम्माने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आग्रह नव्हता. गुरुवारी दार उघडते तेव्हा असतो तसाच चेहरा होता.

साबातो माझ्या मागे हलक्या आवाजात म्हणाला, "सांग झोपलाय म्हणून. जातील घरी."

ते सोपं होतं, आणि खरंही होतं. पण मला पायरीवर बसलेले ताता दिसत होते, विडी हातात, सगळ्यांकडे बघत. डोंगर जागा झाल्यावर निघणाऱ्याला गर्दीतून निघावं लागतं. माझ्या जाण्याने कुणी तुडवलं जाणार नाही असा दिवस कुठला, हे मला अकरा वर्षं कळत होतं. ज्या दिवशी वहीत काहीच नसेल तो. असे दिवस मी शेकड्याने जाऊ दिले होते.

मी पलंगावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. का, ते सांगता येणार नाही. हातात काहीतरी हवं होतं. बाल्कनीत जाऊन मम्माच्या शेजारी उभी राहिले.

"काय म्हणतोय?" खालून तीन-चार आवाज एकदम आले.

"झोपलाय," मी म्हणाले. "गाढ झोपलाय. परवा गुरुवारी मी वर होते. काहीही नाही. काका, गाडी काढू नका."

"शपथ?"

"वही दाखवते, या. काहीही नाही."

काकांनी श्वास सोडला. बेकरीवाल्याची बायको हसली आणि आत जायला वळली. काका खुर्चीत बसू लागले, आणि बसता बसता त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. चव्वेचाळीसमध्ये ते नऊ वर्षांचे होते. त्यांच्या घराचं दार बारा मीटर खाली आहे.

"मग ते कशाला काढलंस?" त्यांनी विचारलं. आता आवाज अगदी हळू होता, पण गल्ली अरुंद आहे.

मम्माचा पिठाचा हात माझ्या मनगटावर आला. मी आवाज चढवला, म्हणजे बेकरीपर्यंत जाईल, पुन्हा सांगावं लागणार नाही.

"सोमवारी आम्ही फिरायला जाणार. आधी डोंगर, मग पॉम्पेई, आणि संध्याकाळी घरी. आणि ऑगस्टमध्ये, काका, मी आणि मम्मा इथून जाणार, कासेर्ताला, कायमच्या. डोंगर झोपलाय म्हणूनच जाणार. दार बरोबर नेणार."